नवव्या गाठीचा वारसा

मी नागिल, कलिंगातल्या तोसलीच्या नदीकाठी नावा बांधणारा सुतार माहिल याचा धाकटा मुलगा, वय एकवीस, फार तर बावीस, आई असती तर नक्की सांगितलं असतं; आज पोटभर भात खाऊन, अंगात ताप नसताना आणि कोणी मानेवर बसलेलं नसताना, हे माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. एरवी ते नसतं असं इसिल पाथरवट म्हणतो, पण आजच्यापुरती तशी साक्ष द्यायला तो तयार आहे.

आजच लिहायचं कारण असं. उद्या तिष्य, म्हणजे पुष्य नक्षत्र आहे. उद्या सकाळी दगडी हत्तीखालच्या खडकाजवळ राजाचा लेख गावाला वाचून दाखवतील. तो संपला की मी उठणार आहे, आणि त्या खडकावर जे कोरलेलं नाही ते मोठ्याने म्हणणार आहे. राजाच्या शब्दांत भर घालणाऱ्याचा उजवा हात जातो, हे महामात्राच्या, म्हणजे राजाच्या इथल्या अधिकाऱ्याच्या, माणसाने मला दोनदा बजावलं. हात गेल्यावर माणूस जगतोच असं नाही. म्हणून माझं जे काही आहे त्याची वाट आजच लावून ठेवतो.

साक्षीदार दोन. एक इसिल, त्याला अक्षर येतं. दुसरी माझी वहिनी सामा, तिला येत नाही. घराची वाटेकरीण म्हणून तिची खूण लागतेच, तिच्यावाचून हे पान म्हणजे नुसतं ताडाचं पान. आणि आमच्याकडची रीत अशी की ज्या साक्षीदाराला अक्षर येत नाही त्याला सबंध लेख वाचून दाखवायचा, मधलं एकही पान न गाळता. म्हणजे जे मी इथे लिहीन ते मला आज संध्याकाळच्या आत तिच्या तोंडावर वाचावं लागणार. हे मला लिहायला बसल्यावर आठवलं. तरी लिहितो.

कलम पहिले. घर.

नदीकाठचं वडिलांचं घर. दोन खोल्या, पुढे नावा तासायची पडवी, मागे दोन नारळ. वडिलांच्या मागे त्याचे वाटेकरी दोघे, थोरला भाऊ धनक आणि मी. माझा अर्धा वाटा मी धनकाची बायको सामा हिला देत आहे. तिने तो लिंपावा, विकावा, जाळावा. कोणी हरकत घेऊ नये.

खरं म्हणजे देणारा मी कोण? लढाईच्या वर्षी छप्पर गेलं, भिंती काळ्या झाल्या, ते घर तिने आठ वर्षं एकटीने उभं ठेवलं. लढाई झाली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. वडील नदीच्या वाळूवर पडले, आईला आम्ही शोधलं, ती सापडली नाही, आणि मला दोराला बांधून पश्चिमेला नेलं. हे तोसलीत सगळ्यांना माहीत आहे, प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्या दोरांवर गेलेलं आहे.

महिन्यापूर्वी मी परत आलो तेव्हा वहिनी उंबऱ्यावर मासे साफ करत बसली होती. तिने मान वर केली.

"कोण पाहिजे?"

"वहिनी, मी नागिल."

तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "इतका लांबलास? काय खायला घालत होते तिकडे, शिड्या?" मग हसली, मग रडली, मग माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे पाहून म्हणाली, "आणि हे कुठायत?"

"येतोय मागून," मी म्हणालो.

तेव्हापासून ती रोज तिघांचा भात शिजवते. तिसरा वाटा झाकून ठेवते, आणि सकाळी तो शेळीला घालताना मला म्हणते, "तुझा दादा म्हणजे पहिल्यापासून कासव." तिच्या दोन्ही हातांत तीन-तीन शंखाची कांकणं आहेत. लग्नातलीच. आठ वर्षांत एक फुटू दिलं नाही तिने. मासे साफ करताना ती कोपरापर्यंत वर सारून ठेवते.

याबद्दल पुढे पाचव्या कलमात लिहिलं आहे. वहिनी, वाचताना मला इथे थांबवू नकोस. पुढे ऐक.

कलम दुसरे. हत्यारं.

तीन टाक्या, एक हातोडा, आखायचं सूत, गेरूचा गोळा. मोठ्या दोन टाक्या, हातोडा आणि सूत इसिलला. गेरूचा गोळा शेजारच्या पोरींना, भिंती रंगवायला. सगळ्यांत लहान टाकी गिरिनगरच्या पुसककाकांना पोचवावी, म्हातारा जिवंत असला तर. तिकडे जाणारा तांडा पावसाळा सरल्यावर निघतो. तांड्यात एक तिरळा मीठवाला आहे, त्याच्याकडे देऊ नका. त्याच्याबद्दल चौथ्या कलमात.

गिरिनगरला आम्हाला तलावाचे पाट खणायला नेलं होतं. पाच वर्षं खणले. मग एक दिवस खडकावर राजाचा लेख कोरायचं निघालं आणि पाथरवटांना हलक्या हाताची माणसं हवी होती. पुसककाका आमच्या रांगेपुढून गेले, प्रत्येकाचे हात पालथे करून बघितले, माझ्यापाशी थांबले.

"नावा बांधणाऱ्या सुताराचा पोर?"

"हो."

"मग लाकडाचा राग दगडावर काढायचा नाही. ये."

माझं काम कोरलेल्या अक्षरातली धूळ फुंकायचं. काका कोरताना मोठ्याने म्हणत, मी फुंकत असे, त्यात अक्षरं डोक्यात शिरली. शिकवलं असं कोणी नाही, म्हणून माझी अक्षरं अजून दगडावरची आहेत, पानावर नीट बसत नाहीत. ज्याला वाचायला त्रास होईल त्याने माफ करावं. चूक झाली की काका म्हणत, "दगड खोडता येत नाही. अक्षर सुटलं तर ओळीखाली कोर. खाली नेहमी थोडी जागा असते."

तर तेराव्या लेखाच्या सुरुवातीला त्यांनी गेरूने एक शब्द काढला. आधी फुली, मग गळासारखं वळण, मग छप्पर. मी जुळवून पाहिलं.

"काय वाचलंस?" काका म्हणाले.

"कलिंग."

"बरोबर. पुढचं वाच."

"जिंकला."

आयुष्यात मी वाचलेले पहिले दोन शब्द हे. तो लेख कोरायला अकरा दिवस लागले, आणि अकराव्या दिवशी तो मला तोंडपाठ होता. त्यात म्हटलं आहे की कलिंगातून दीड लाख माणसं नेली, एक लाख तिथेच मारली गेली आणि त्याच्या कितीतरी पट मेली. आणि ते आठवून राजाला दुःख होतं, पस्तावा होतो. इथून पुढे तो धर्मानेच जिंकणार. मधेच रानातल्या लोकांना दमही आहे, की राजाला दुःख झालं असलं तरी त्याची ताकद गेलेली नाही. तिथे काकांनी टाकी थांबवली आणि म्हणाले, "रडतोय, पण तलवार कमरेलाच आहे बघ."

मला त्या वेळी तलवार दिसली नाही. मी सगळ्या तळावर नाचत सांगितलं, "मी आहे त्यात! त्या दीड लाखात मी आहे!" जणू राजाने मला नावाने हाक मारली होती.

कलम तिसरे. तोंडपाठ असलेला लेख.

ही माझी एकमेव खरी मिळकत. ती मी तोसली गावाला देत आहे. उद्या खडकाजवळ मोठ्याने म्हणून देईन. कोणाला काही लिहून देण्याची गरज नाही.

झालं असं. राजा त्याच्या अभिषेकाच्या दिवशी कैदी सोडतो, त्यात मी सुटलो. सरळ घरी यायचं, ते मी दोन वर्षं फिरत राहिलो. उज्जेनीला गेलो, शूर्पारकाला समुद्र बघायला गेलो, तिथल्या नावा आमच्यापेक्षा पोटाला रुंद असतात, त्यांचं सुकाणू मागे दोन्ही अंगांना असतं आणि... असो. नावांबद्दल मृत्युपत्रात लिहीत नाहीत. सांगायचं ते हे की मला एका जागी बसवत नाही. लोक म्हणतात, याला भटकायची हौस आहे. हौस नाही. माझ्या मागून कोणीतरी चालतं. पाच हातांवर. मी चाललो की त्याचे पाय वाजतात, मी थांबलो की थांबतात, आणि थांबल्यावरची ती शांतता मला सोसत नाही. चालताना निदान कळतं की तो येतोय.

म्हणून वहिनीला मी म्हणालो ते सबंध खोटं नव्हतं.

महिन्यापूर्वी, मी आल्यावर तिसऱ्याच दिवशी, तिष्य होतं. वहिनी आणि मी खडकाकडे गेलो. वर कोरलेला हत्ती तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. पुढचा अर्धा बाहेर आलाय, मागचा अर्धा अजून दगडातच आहे. मला पहिल्यांदा बघताना वाटलं, हा बाहेर येतोय की आत जातोय? मी उभा होतो तेराव्या लेखाची वाट बघत. माझ्या मनात होतं की राजाच्या तोंडून एवढी माणसं मेल्याचं ऐकलं की वहिनी आपली आपण समजेल. मला काही बोलावं लागणार नाही.

दहावा लेख झाला आणि वाचणाऱ्याने थेट शेवटचा, चौदावा घेतला. मग दोन नवेच. सगळी माणसं माझी लेकरं आहेत, असं राजा म्हणतो. त्याच्या अधिकाऱ्यांनी कोणाला विनाकारण बांधू नये. हा लेख दर तिष्याला ऐकवावा, आणि मधल्या दिवसांतही ऐकवावा, ऐकणारा एकटा असला तरी.

"लेकरं?" वहिनी म्हणाली, आणि तिला हळू बोलता येत नाही. "लेकराला कोणी दहा-दहाच्या दोराने बांधून नेतं का?"

"गप ना गं बाई, तो बघतोय," शेजारची म्हणाली.

"बघू दे. मीपण त्याच्याकडेच बघतेय."

वाचणारा खाकरला आणि पुढे वाचायला लागला. मी वहिनीच्या कानाशी लागून म्हणालो, "अजून एक लेख आहे. राजाला वाईट वाटतं असं आहे त्यात."

"कुठाय?"

"गिरिनगरला."

"तिथे कोण मेलं होतं?"

"कोणी नाही."

"मग तिथे कशाला?"

मला तेव्हा वाटलं, पाथरवटाकडून ओळी सुटल्या असणार. आमच्या धंद्यात असंच मनात येतं, आधी दुसऱ्या पाथरवटाला शिव्या. मी तडक इसिलकडे गेलो. ओळख ना पाळख, दारातूनच सुरू केलं, "तेरावा लेख कुठाय तुझा? झोपला होतास का?"

इसिलने पाणी पिऊन घेतलं आणि म्हणाला, "अकरा, बारा, तेरा गाळा, असंच पान आलं वरून. दहानंतर चौदा घ्या, आणि हे दोन नवे घाला. बाकी ठिकाणी सगळे, इथे तेवढे नकोत."

"का?"

"मला विचारतोस? मी टाकी मारतो. तू चौदावा वाच. त्यात राजाच म्हणतो, कुठे काही अपुरं दिसलं तर ते जागेमुळे असेल, किंवा काही कारणामुळे, किंवा लिहिणाऱ्याच्या चुकीमुळे. म्हणजे गाळलं त्यांनी, आणि चूक कोणाची? माझीच! तू आलास ना दारात ओरडत?"

तेव्हापासून आमची दोस्ती.

घरी येऊन मी वहिनीला तेरावा लेख पहिल्यापासून म्हणून दाखवला. तिने तांदूळ पाखडता पाखडता ऐकला. शेवटी म्हणाली, "भावजी, तुम्ही लहानपणी मगर पाळल्याचं सांगत होतात. खडकावर असतं तर मानलं असतं." ती रागावली की मला भावजी म्हणते आणि अहो-जाहो करते. म्हणून मी ठरवलं की खडकाजवळच म्हणायचं, सगळ्यांसमोर, महामात्र ऐकत असताना. तो हात तोडायला निघाला तर तेवढ्यानेच ते खरं ठरेल.

कलम चौथे. किरकोळ.

घोंगडी: शेळीला. थट्टा नाही, ती गाभण आहे आणि तिचा कोपरा गळतो.

भोपळ्याचं कमंडलू: उज्जेनीच्या वाटेवर एका भिक्षुणीने दिलं होतं. पहिली भिक्षुणी दिसेल तिला द्यावं.

तिरळा मीठवाला: याने माझ्या एका पायाचा जोडा चोरला. एकच. दोन्ही नेले असते तर चोर म्हणून मोकळा झालो असतो. एक नेला त्याला काय म्हणावं हे मला अजून सुचलेलं नाही. त्याला माफ केलेलं नाही. उरलेला जोडा त्याला दाखवावा, देऊ नये.

आमच्या दोराचा पहारेकरी: मगधाचा होता, दात पुढे, नाव मला माहीत आहे पण लिहीत नाही. हा माणूस मला माझ्या यादीत सगळ्यांत वर घ्यायचा होता. आठ वर्षं मी त्याच्यासाठी शिव्या जमवल्या. पण वाटेत त्याच्याही पायांना फोड आले होते आणि तो रात्री आपल्या मुलीसाठी नावं सुचवून बघायचा, कारण ती तो इकडे असताना जन्मली होती. त्याला काही ठेवत नाही. शिव्याही नाहीत.

कलम पाचवे. गाठ.

माझ्या झोळीच्या तळाशी, चिंधीत, वाखाच्या दोराचा एक तुकडा आहे. वीतभर. त्यात एक गाठ आहे. तो मी वहिनीला देत आहे. तो काय आहे ते असं.

दोरावर दहा गाठी. प्रत्येक गाठीत एकाचं डावं मनगट. तोसलीच्या वेशीवर दोर मोजले, माणसं नाहीत. पंधरा हजार दोर, दहांनी गुणलं की राजाचा दीड लाख होतो. वेशीपुढे प्रत्येक पडावावर नायक यायचा आणि दोरावर हात फिरवायचा. गाठ रिकामी लागली तर पहारेकऱ्याची पाठ सोलायची. म्हणून वाटेत कोणी मेलं की पहारेकरी रस्त्याकडेला दिसेल त्याला धरून त्या गाठीत बांधायचे. गुराखी, भिकारी, कोणीही. आकडा बरोबर राहायचा.

मी आठव्या गाठीत होतो. माझ्या मागे नवव्यात आमच्या शेजारचा म्हातारा मासेमार. तिसऱ्या दिवशी नदीच्या उताराजवळ तो बसला तो उठला नाही.

दादा तेव्हा दोरावर नव्हता. वहिनी, तुला वाटतं की त्याला वेशीतच पकडलं. नाही. तो लढाईतून निसटला होता आणि तीन दिवस आमच्या बरोबरीने केतकीच्या बनातून लपत येत होता. त्याच्याजवळ वडिलांचा लाकूड तासायचा वाकस होता. रात्री दोर कापून मला न्यायचं त्याच्या मनात होतं. त्या सकाळी पहारेकरी मेलेल्या म्हाताऱ्याची गाठ सोडत होता, इकडेतिकडे माणूस शोधत होता, आणि मला बनातून दादाचं तोंड दिसलं. त्याने ओठावर बोट ठेवलं. मला स्पष्ट दिसलं ते बोट.

आणि मी ओरडलो, "दादा!"

एवढंच. तेरा वर्षांचा होतो, तीन दिवस रडलो नव्हतो, तोंडातून गेलं.

त्यांनी त्याला नवव्या गाठीत बांधलं. तो दोन महिने माझ्या मागून चालला. पाच हातांवर. त्याने एकदाही काही म्हटलं नाही. वहिनी, एकदाही नाही. उलट म्हणायचा, "टाचा उचल रे. बायकोचं तोंड बघायचं ते सोडून तुझ्या टाचा बघतोय." म्हणायचा, "सामानं घर शाकारलं असेल बघ. माझ्यापेक्षा बरं शाकारते, तिला सांगू नकोस." नर्मदेच्या अलीकडे त्याला ताप आला. दोन दिवस तापात चालला. तिसऱ्या दिवशी दोर मागून ओढल्यासारखा झाला, मी वळलो नाही; वळलं की चाबूक बसायचा. मी ओढत राहिलो. किती पावलं ओढलं ते मला माहीत आहे, पण ते मी लिहिणार नाही आणि वाचणार नाही.

पहारेकऱ्याने गाठ कापली. ती मला ठेवू दिली. दुपारच्या आत त्याने नव्या दोराचा तुकडा जोडला आणि त्या जागी एक कोळसेवाला बांधला.

हे मी आठ वर्षांत किती लोकांना सांगितलं! गिरिनगरच्या तळावर सांगितलं, उज्जेनीच्या धर्मशाळेत सांगितलं, शूर्पारकाला एका दारुड्याला सांगितलं, त्या भिक्षुणीला, मीठवाल्यालासुद्धा. लोक ताक द्यायचे, पाठीवर हात फिरवायचे. हलकं वाटायचं दोन दिवस. इथे आलो, उंबऱ्यापाशी उभा राहिलो, आणि म्हणालो, येतोय मागून.

आज सकाळपासून मी हे लिहितोय आणि आत्ता हिशेब लक्षात आला. दोर वेशीवर मोजले. नववी गाठ म्हाताऱ्याच्या नावावर मोजली गेली. दादा त्यात नंतर आला. म्हणजे दीड लाखात तो नाही. लढाईत मेला नाही, म्हणून त्या एक लाखातही नाही. आणि ‘कितीतरी पट’ म्हणजे कोणी मोजलेलेच नाहीत. उद्या मी तेरावा लेख कितीही खणखणीत म्हटला तरी त्यात दादा नसणार. राजा ज्यांना मोजून दुःख करतो त्यांत माझा भाऊ नाही. म्हातारा, दादा, कोळसेवाला, या तीन माणसांची एकच गाठ झाली.

आणि मी महिनाभर राजाला नावं ठेवतोय, की याने आपलं दुःख जगभर कोरलं आणि जिथे द्यायचं तिथेच गाळलं. मी तरी काय केलं?

तर हे पाचवं कलम म्हणजे ओळीखाली कोरलेलं अक्षर समजा. वहिनी, तुझा नवरा धनक आठ वर्षांपूर्वी वारला. माझ्या हाकेने पकडला गेला. तो येत नाहीये. त्याचा भात झाकून ठेवू नकोस.

कलम सहावे. उद्याचं.

उद्या मी तरीही उठणार आहे. तेरावा लेख म्हणेन, जसा फुंकून फुंकून पाठ केला तसा, दमदाटीसकट, एक अक्षर इकडेतिकडे न करता. तो संपल्यावर तीन शब्द माझे घालीन: आणि माहिलाचा धनक. हात जाणार असेल तर त्या तीन शब्दांसाठी जावा. राजाच्या शब्दांसाठी आधीच पुष्कळ गेले आहेत.

हात गेला आणि मी जगलो तर माझ्या या मृत्युपत्रातलं काही परत मागणार नाही, फक्त घोंगडी. मेलो तर नदीवर जाळावं. राख पश्चिमेला टाकू नये. मी तिकडे पुरेसा फिरलो आहे.

वर लिहिलेलं सगळं माझं मी लिहिलं, वाचलं, मला मान्य आहे.

नागिल

साक्षीदार पहिला, इसिल पाथरवट. नुसतं नाव घालून मोकळा होणार होतो, पण साक्ष म्हणजे पाहिलं ते सांगणं, म्हणून चार ओळी जास्त.

याने सबंध लेख सामाबाईंना माझ्यासमोर वाचून दाखवला, एकही पान न गाळता. पाचव्या कलमात मी याला दोनदा पाणी दिलं. बाई ऐकताना मासे साफ करत होत्या. "दादा" या शब्दापाशी त्यांचा हात थांबला आणि शेवटपर्यंत थांबलेला राहिला. वाचून झालं. शेळी ओरडत होती.

मग त्या म्हणाल्या, "ते टाचांचं परत वाच."

याने परत वाचलं. त्या जरा हसल्यासारख्या झाल्या. मग त्यांनी गाठ मागितली, हुंगली, डाव्या मनगटात घातली. कांकणं आड येत होती. उंबऱ्याच्या दगडावर त्यांनी ती एकेक करून फोडली, सहाही, पाखडायच्या तांदळातले खडे निवडावेत तशा शांतपणे. हा माणूस तिथेच डोकं गुडघ्यात घालून बसला होता. त्या त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "तेरा वर्षांचं पोर दादाला हाक मारणार नाही तर काय राजाला मारणार? पण महिनाभर मला तिघांचा शिजवायला लावलंत, भावजी, ते मी विसरायची नाही."

मी विचारलं, उद्या याला खडकापाशी जाऊ द्यायचं का?

त्या म्हणाल्या, "जाऊ दे की. हात गेला तर उरलेल्या हाताने छप्पर शाकारेल. तीन शब्द मात्र तो म्हणायचा नाही. ते माझे आहेत, मी म्हणेन." मग याला म्हणाल्या, "नागिला, उद्या तू पुढे चाल. मी तुझ्या मागून येते. पाय वाजले तर माझे समज, वळून बघू नकोस."

इसिल

साक्षीदार दुसरी, सामा, धनकाची बायको. अक्षर येत नाही. खूण म्हणून फुटलेल्या कांकणाभोवती लोखंडी लेखणी फिरवून काढलेली अर्धी गोल रेघ.

तोसली, नदीकाठ. राजाच्या अभिषेकापासून सोळावं वर्ष, तिष्याचा आदला दिवस, ऊन उतरताना. भात दोघांचा.